शेवंताबाईच्या वाती

मुक्ता आणि अद्वैत, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत की आजी नेमकी कसली नोकरी करायची. तुमच्या बाबानं "स्टॅटिस्टिक्समध्ये होती" एवढं सांगून विषय मिटवला. अद्वैतनं लगेच विचारलं, म्हणजे सायंटिस्ट का? आणि मुक्तानं, मग तिनं शोधून काय काढलं? त्याच आठवड्यात या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, नोकरीतल्या अनुभवांवर काही लिहा म्हणून. दोन ठिकाणी अर्धवट उत्तरं देण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं, असं ठरवलं. संपादकांना सांगून टाकलं आहे की लेख नातवंडांसाठी आहे, बाकीच्यांनी शेजारी बसून वाचायला हरकत नाही.

तर, मी शास्त्रज्ञ नव्हते. सरकारात शास्त्रज्ञ असतात, अर्थतज्ज्ञही असतात. कुणी कपाशीवर अभ्यास करतो, कुणी विहिरींच्या पाण्यावर, कुणी बाजारभावांवर, कुणी मुली शाळा का सोडतात यावर. त्यांचे जाड अहवाल निघतात. अहवालाच्या शेवटी तक्ते असतात आणि ते कुणी वाचत नाही. ते तक्ते भरणारी मी. यवतमाळच्या कार्यालयातून जिल्ह्यात फिरायचं, मोजायचं, विचारायचं, लिहून आणायचं. नागपूरला इंग्रजीतून अर्थशास्त्र शिकले होते, त्यामुळे साहेबांच्या इंग्रजी मसुद्यांवरून नजर फिरवण्याचं कामही माझ्याचकडे यायचं. माझ्या सगळ्या फील्ड डायऱ्या वर्षवार लावून कपाटात ठेवलेल्या आहेत. तुमची आई त्यांना रद्दी म्हणते. म्हणू दे.

या कामात लोक खोटं बोलतात अशी बाहेरच्यांची समजूत असते. माझा अनुभव वेगळा आहे. आमचे आकडे बिघडायचे ते माणसांच्या चांगुलपणामुळे. कळंबच्या बाजारात दर आठवड्याला किराण्याचे भाव टिपायला जायचे, तेव्हा एक दुकानदार मला दीड वर्ष प्रत्येक वस्तूचा भाव थोडा कमी सांगत होता. का, तर मी नेहमीचं गिऱ्हाईक! इतर गिऱ्हाइकांना सांगता तो भाव सांगा म्हटलं, तर तो दुखावला. म्हणाला, "तुमच्याकडून काय तेवढे घेऊ?" मी तोवर त्याच्याकडून काहीच विकत घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या एका पाहणीत घरोघरी चुलीला किती लाकूड लागतं ते मोजायचं होतं. सकाळी ढीग तोलायचा, दुसऱ्या दिवशी उरलेला तोलायचा. त्या गावात लाकूड फारच लागत होतं. कारण शोधलं तेव्हा कळलं की मोजणीवाल्या बाई येणार म्हणून प्रत्येक घरी त्या दिवशी पुरणपोळीचा स्वयंपाक होत होता. ती मीच जेवत होते.

या दोन्ही चुका मी हसून सांगते. शेवंताबाईच्या शेतातली चूक सांगताना हसू अर्ध्यावर थांबतं.

आमच्याकडे तेव्हा साबळे सर म्हणून कृषिशास्त्रज्ञ होते, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडच्या हलक्या जमिनीत कपाशीची झाडं लांब लांब लावण्यात अर्थ नाही. झाड तिथं मोठं होतच नाही, मग मधली जागा वाया जाते. त्यापेक्षा लहान चणीचं वाण घ्यावं आणि दाट लावावं. हे खरं की नाही ते पाहण्यासाठी काही गावांमधून शेतकरी निवडले. प्रत्येकानं अर्धं शेत नेहमीसारखं लावायचं, अर्धं दाट. दोन्ही भागांतला कापूस आम्ही मोजणार.

मारेगावच्या पुढच्या एका गावात या प्रयोगाला कुणी तयार होईना. शेवटी शेवंताबाई उभी राहिली. चाळिशीची असेल, सातवीपर्यंत शिकलेली, अंगानं काटक. शेत नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. नवरा नामदेवराव या गोष्टीला साफ विरुद्ध होता. बऱ्याच वादानंतर तो एका अटीवर कबूल झाला: एक वर्ष करून पाहा, सरकारनं मोजून जास्त सांगितलं तर पुढंही कर, नाहीतर पेरणीत पुन्हा तोंड घालायचं नाही. तोवर पेरणीत बायकोचा शब्द चालला नव्हता, हे ध्यानात घ्या. तिनं अट मान्य केली.

पीक वर आलं तशी गावाला करमणूक झाली. कपाशी इतकी दाट कुणी पाहिलीच नव्हती. चावडीवरून जाताना तिला विचारत, "काय वं शेवंताबाई, मेथी पेरली का यंदा?" ती म्हणायची, "हाव, जुडी पाठवतो तुमच्या घरी." पण माझ्याजवळ एकदा म्हणाली, "मॅडम, तुमच्या मोजण्यावर माहं सारं हाये, बरं."

आता मोजण्याविषयी. सगळं शेत मोजत नाहीत. शेतातला एक लहान तुकडा मोजतात, साधारण एका खोलीएवढा. तो कुठला घ्यायचा हे मी ठरवायचं नसतं, शेतकऱ्यानंही नाही. मी निवडला तर माझी नजर नकळत चांगल्या पिकाकडे जाईल. म्हणून आमच्याकडे आकड्यांचं एक पुस्तक असतं. पानंच्या पानं नुसते आकडे, कुठल्याही क्रमाशिवाय. पुस्तक उघडायचं, येईल तो आकडा घ्यायचा, शेताच्या कोपऱ्यापासून तेवढी पावलं लांबीला आणि तेवढी रुंदीला चालायचं. थांबाल तिथं पहिली खुंटी. शेवंताबाईला हे फार आवडलं. तिच्या शेतात माझी पावलं एका किडक्या पट्ट्याजवळ थांबली, तेव्हा नामदेवराव म्हणाला, "इथं कायले? तिकडं चांगलं हाये नं." शेवंताबाईनं त्याला गप्प केलं. "तो आकडा कोणाच्या मर्जीचा नसते. तुमच्याही नाही अन् माह्याही नाही."

चार खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. कापूस एकदम निघत नाही, तीन-चार वेळा वेचावा लागतो, आणि प्रत्येक वेळी या तुकड्यातला कापूस आमच्यासमोर वेचून वेगळा तोलायचा असतो. वेचणाऱ्या बाया चुकून आत शिरू नयेत म्हणून मी माझ्याच डोक्यानं एक सुधारणा केली. यवतमाळहून लाल कापड नेलं होतं, त्याचे तुकडे करून चारही खुंट्यांना बांधले. लांबून ठळक दिसत. आणि बायांना बजावून सांगितलं, ही जागा वेगळी आहे, हिला कुणी हात लावायचा नाही. नियमात कापडाचा उल्लेख नव्हता. माझ्या नीटनेटकेपणावर मी खूश होते.

दसऱ्यानंतर तिचा फोन आला, परवा वेचणी धरली आहे, या. मी गेले. नेहमीच्या लागवडीतल्या तुकड्यात बऱ्यापैकी कापूस निघाला. दाट तुकड्यात मात्र फारच थोडा. मी डायरीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: "दाट लागवडीत बोंडे उशिरा फुटत आहेत." हे वाक्य मी पाहिलेलं नव्हतं, ठरवलेलं होतं. झाडांच्या खालच्या फांद्यांकडे वाकून पाहायला हवं होतं. दाटीत वाकायला जागा नव्हती, माझी पाठ दुखत होती, आणि कारण तर सुचलेलं होतंच. शेवंताबाई काट्याकडे पाहत होती, पण काही बोलली नाही. बहुतेक तिला वाटलं असावं की सरकारचं गणित वेगळं असेल.

दिवाळीच्या आधी ती काही कामानं यवतमाळला आली, तेव्हा कार्यालयात येऊन मला कागदात बांधलेल्या वाती देऊन गेली. हातानं वळलेल्या, एकसारख्या. म्हणाली, "देवाच्या कापसाच्या हायेत. घरी लावजा." मी त्या पाचही दिवस लावल्या. तुमचा बाबा तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आला होता. दुकानातल्या वातींपेक्षा या जास्त वेळ जळतात म्हणून त्यानंच त्या वेगळ्या ठेवल्या होत्या.

पुढचे वेचे झाले. शेवटी बेरीज केली तर दाट तुकडा मागे पडला होता, आणि तो पहिल्या वेच्यामुळेच. साबळे सरांना वाईट वाटलं, पण माझ्या शेऱ्यानं त्यांना एक नवीन विषय मिळाला. मसुद्यात त्यांनी एक परिच्छेद घातला: दाट लागवडीत सावली वाढल्यामुळे बोंडं उशिरा फुटतात असं दिसतं. इंग्रजी छान होतं. मी दोन स्वल्पविराम बदलले.

मसुदा जाण्यापूर्वी खुंट्या आणि दोरी जमा करायला मी गावात गेले. खरं म्हणजे शेवंताबाईला निकाल मीच सांगावा, तिला दुसऱ्याकडून कळू नये, असं मनात होतं. चहा झाला. तिची मुलगी बाळंतपणाला आलेली होती, बाळ एका इवल्याशा नव्या गादीवर झोपलं होतं. शेवंताबाईनं विचारलं, "वाती लावल्या का, मॅडम? पुरल्या?" मी म्हटलं, पुरल्या, छान होत्या. ती म्हणाली, "पुरतीलच. पहिला वेचा होता तो. थोड्या तुमाले दिल्या, थोड्या देवळात, अन् बाकीच्याची ही गादी भरली बाळाले."

मी विचारलं, पहिला वेचा कुठला.

तेव्हा उलगडलं. आपल्याकडे कापूस वेचायला लागण्यापूर्वी सीतादही करतात. शेतात पाच दगड मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तो पिकावर शिंपडायचा, आणि त्या जागेचा कापूस सगळ्यांत आधी वेचायचा. शेवंताबाईच्या घरी तो कापूस विकत नाहीत, देवाचा मानतात. पूजेची जागा कुठली घ्यायची हे दरवर्षी सासू ठरवायची. सासू आता नव्हती. आणि तिनं लावलेल्या दाट भागात एक जागा आधीच आखलेली होती: चार खुंट्या, भोवती दोरी, चारी बाजूंना लाल कापड, कुणी हात लावायचा नाही असं सांगितलेली. यापेक्षा चांगली जागा कुठली असणार? तिनं फोन केला त्याच्या चार दिवस आधी ही पूजा झाली होती. वेचणी म्हणून ती मोजली जात नव्हती, म्हणून मला कळवण्याचा प्रश्नच नव्हता.

मी म्हटलं, "पण शेवंताबाई, मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही म्हणून?"

"तुम्ही माणसाचं सांगतलं होतं," ती म्हणाली. "देवाचं कुठं सांगतलं?"

मग माझ्या तोंडाकडे पाहून तिला समजलं. "म्हणजे मीच माहं वजन कमी केलं का?"

मी तिला सांगितलं की लाल कापड माझं होतं. तिच्या कानात ते शिरलं नाही.

यवतमाळला परतल्यावर साबळे सरांना सगळं सांगितलं. मग पेन्सिल घेऊन त्यांनी बोंडं उशिरा फुटण्याचा परिच्छेद आडवा खोडला. तो माझ्या शेऱ्यातून आला होता आणि छापला गेला असता, तर आणखी कुणीतरी तो खरा धरून पुढचं काहीतरी लिहिलं असतं. आमच्या क्षेत्रात असं होतं.

"मग या तुकड्याचं काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, रकाना रिकामा ठेवायचा आणि खाली कारण लिहायचं.

सरांची अडचण मला समजत होती. आमच्या भागात दाट लागवडीचे तुकडे मुळात थोडे होते. त्यातला एक पावसाच्या पाण्यानं गेला होता, एकात डुकरं शिरली होती. हा गेला तर निष्कर्ष निघत नव्हता, आणि निष्कर्षाशिवाय पुढच्या वर्षाची मंजुरी मिळणार नव्हती. ते म्हणाले, शेजारच्या ओळींत रिकामी बोंडं मोजून अंदाज बांधता येईल. मग अर्ध्या गमतीनं म्हणाले, "नाहीतर ती गादी तोलून या. सरकीचं वजन मिळवून टाकू." आणखी थोड्या वेळानं, गंमत सोडून: "बाई, तो कापूस होता हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही."

होता. कदाचित भरपूरही होता. पण काट्यावर नव्हता आला. मी त्यांना म्हटलं, अंदाज घाला, तुमचा अधिकार आहे, फक्त त्या पानावर माझी सही नसेल. मी कधी वरिष्ठांशी असं बोलले नव्हते. माझ्या डायरीतल्या त्या एका वाक्यानं दाखवून दिलं होतं की माझे अंदाज किती सुबक अक्षरात चुकतात. दुसरा करायची माझी हिंमत नव्हती. सर चांगले होते. त्यांनी रकाना रिकामा ठेवला. अहवालात आमच्या भागाविषयी एक ओळ आली, की पुरेशा नोंदींअभावी निष्कर्ष काढता येत नाही. अभ्यास तिथंच संपला. सरांची दुसरीकडे बदली झाली.

शेवंताबाई स्वतः कार्यालयात आली. माझ्या टेबलासमोर उभी राहून तिनं विचारलं, "मॅडम, मी जिंकली का हारली?"

मी सांगितलं, कागदावर दोन्ही नाही.

"यांना काय सांगू मग? हे म्हणतात, सरकार चूप हाये म्हणजे समजून घे."

मी तिला खुर्ची पुढे केली. आजही कधी कधी वाटतं, सरांचा अंदाज घालू दिला असता तर काय बिघडलं असतं? आणि आजही उत्तर तेच येतं: न तोललेलं लिहायचं नाही. फक्त ते उत्तर देताना ती बाई समोर उभी आहे, हे विसरता येत नाही.

ती बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "चुकलं ते माहं. मग पुन्हा मोजाले काय हरकत हाये?" नामदेवरावाशी तिनं कशी बोलणी केली मला माहीत नाही. हरली असं कागदात नाही म्हणजे अट अजून शिल्लक आहे, असं काहीतरी तिनं मांडलं असावं. पुढच्या हंगामात पुन्हा अर्धं शेत दाट झालं. या वेळी सरकारचा संबंध नव्हता. मी रजा टाकायचे आणि स्वतःचा काटा घेऊन एसटीनं जायचे.

पहिल्यांदा गेले तर तुकडे आधीच आखलेले. चार: दोन दाट, दोन नेहमीचे, दोन वरच्या बरडात, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीत, दोन खालच्या काळ्या जमिनीत. माझ्या डोक्यात जमिनीचा हा फरक आला नव्हता, तिच्या आला होता. नुसती दोरी, कापड कुठेही नाही. मी विचारलं, जागा कशी निवडली, पुस्तक तर माझ्याकडे आहे. तिनं कमरेच्या पिशवीतून एसटीची चार तिकिटं काढली. मारेगावला जाण्यायेण्याची.

"याच्यावरचे शेवटचे आकडे घेतले. कंडक्टरले काय माहीत मी कायले जाऊन राह्यली ते."

मी आयुष्यभर आकड्यांचं पुस्तक सांभाळलं. त्या तिकिटांतलं एक मी मागून घेतलं, त्या वर्षीच्या डायरीत चिकटवलेलं आहे. शाई उडाली आहे आता.

सीतादहीच्या दिवशी तिनं मला मुद्दाम बोलावलं. दगड या वेळी बांधावर मांडले होते, शेताच्या बाहेर. दहीभात शिंपडला तोही बांधाकाठच्या झाडांवर. बाया कुजबुजत होत्या, देव असा बाहेर बसवतात का म्हणून. शेवंताबाईनं हात जोडून देवालाच सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "यंदा तू इथूनच पाह्य. आत येऊ नको. मोजणी चालू हाये."

नामदेवराव पाठीमागे उभा होता. तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शेवटच्या वेच्यानंतर ओट्यावर बसून बेरीज केली. बरडात दाट कपाशी पुढे होती, नीट पुढे. काळ्या जमिनीत मागे. नामदेवराव म्हणाला, "म्हणजे मी हारलो नाही." शेवंताबाई म्हणाली, "जिंकलेही नाही. वर मी लावीन, खाली तुम्ही लावा." तेव्हापासून त्यांच्या शेतात तसंच चालू आहे. मेथीचा विषय नंतर कुणी काढला नाही. काढणाऱ्यांपैकी दोघांनी बरडात तेच केलं.

काही वर्षांनी, निवृत्तीच्या अलीकडे, दुसऱ्या शास्त्रज्ञांचा एक अहवाल माझ्याकडे तपासायला आला. दाट लागवडीचा फायदा जमिनीच्या खोलीवर अवलंबून असतो, असं त्यात पुष्कळ पानांत म्हटलं होतं. काम उत्तम होतं. संदर्भांच्या यादीत शेवंताबाईचं नाव घालायची सोय नसते. मी स्वल्पविराम तपासले आणि पाठवून दिला.

मुक्ता, तू विचारलंस की एवढ्या वर्षांत मी काय शोधून काढलं. माझ्या नावावर शोध नाही. एक रिकामा रकाना आहे, त्याच्या खाली दोन ओळींची टीप आहे. ती टीप मी लिहिली.

यंदा तुम्हाला पाठवलेल्या दिवाळीच्या खोक्यात चकलीच्या डब्याखाली एक कागदी पुडी ठेवली आहे. शेवंताबाई अजूनही दरवर्षी वाती पाठवते. सोबत तिच्या मुलीच्या हातची चिठ्ठी असते, मजकूर दरवर्षी तोच: "बांधावरच्या कापसाच्या आहेत, मोजणीतल्या नाहीत. बेफिकीर जाळा."